तारायंत्राचे खांब : लांकूड कीं लोखंड ?

हिंदुस्थानांतील तारायंत्राच्या इतिहासांत ओशॉनेसीचें चातुर्य, डलहौसीचा आग्रह आणि सन १८५७ च्या मे महिन्यांत दिल्लीहून अंबाल्यास गेलेली तार, या गोष्टींची चर्चा पुष्कळ झाली आहे. ज्यांच्या माथ्यावरून ही तार दीडशें वर्षांहून अधिक काळ गेली, त्या खांबांकडे मात्र इतिहासलेखकांचें लक्ष क्वचितच जातें. तार ही बुद्धीची वस्तु आणि खांब ही नुसती ओझें वाहणारी, असा कांहींसा भेद मनांत असावा. वस्तुतः तारेच्या मार्गाचा टिकाऊपणा व दुरुस्तीची कटकट यांचा मोठा वांटा खांबांकडेच असतो. तार तुटली तर तेवढा तुकडा नवा ओढतां येतो. खांब कुजूं लागले म्हणजे सगळा मार्गच पुन्हां उभारावा लागतो. म्हणून खांब कशाचा करावा, हा प्रश्न प्रत्येक देशांतील तारखात्यास पहिल्या दिवसापासून पडला, आणि प्रत्येकानें आपापल्या भूमीस विचारून त्याचें उत्तर दिलें. हिंदुस्थानांत तें उत्तर कोणीं, कोणास विचारून दिलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सर्वसाधारण समजूत अशी असते कीं, प्रथम लांकडाचे खांब होते, पुढें सुधारणा झाली व लोखंडाचे आले. ही समजूत टिकत नाहीं. लोखंडाच्या कारखान्यांचें माहेरघर जें इंग्लंड, तेथें तारा लांकडावर चढल्या, आणि आजहि तेथील टेलिफोनच्या तारा वाहणारे खांब बहुतेक लांकडीच आहेत. अमेरिकेची गोष्ट तीच. उलट साग, साल व देवदार यांचीं अरण्यें ज्या देशांत होतीं, त्या हिंदुस्थानांत समुद्रापलीकडून लोखंडी नळ आणून रोवले गेले. ज्याच्या घरीं लोखंड त्यानें लांकूड वापरावें, आणि ज्याच्या घरीं लांकूड त्यानें लोखंड विकत घ्यावें, हा व्यवहार प्रथमदर्शनीं उफराटा दिसतो. त्याचीं दोन उत्तरें संभवतात. एक उत्तर वाळवी. दुसरें उत्तर बर्मिंगहॅम व ग्लासगोचे कारखानदार. दोहोंतहि तथ्य आहे. परंतु कोणत्यांत किती, हें पुरावा तपासल्याखेरीज सांगतां येणार नाहीं.

आधीं लांकडाचा पक्ष पाहूं. मोर्स यानें सन १८४४ मध्यें वॉशिंग्टन ते बाल्टिमोर हा सुमारें ४० मैलांचा मार्ग केला. तारा नळींतून जमिनीखालीं नेण्याचा त्याचा पहिला बेत फसला होता. वेळ थोडा उरला होता व मंजूर पैसा सरत आला होता. अशा स्थितींत चेस्टनट नांवाच्या झाडाचे सालीसकट ओंडके उभे करून त्यानें त्यांवर तारा चढविल्या, आणि २४ मे रोजीं पहिला संदेश गेला. हा उपाय आपत्कालांतला खरा, पण तोच रूढ झाला. कारण खांबास हवेत ते बहुतेक गुण लांकडाच्या अंगीं आहेत. तें हलकें व चिवट असतें, वाऱ्यांत लवतें व पुन्हां सरळ होतें. त्यावर माणूस सहज चढतो, त्यांत खिळा बसतो. शिवाय कोरडें लांकूड विजेचा प्रवाह फारसा वाहून नेत नाहीं. त्यामुळें तारेखालची चिनी मातीची वाटी फुटली तरी सगळा प्रवाह लगेच जमिनींत उतरत नाहीं. लोखंडी खांबावर तीच वाटी फुटून तार खांबास टेकली कीं संदेश तेथेंच भूमिगत झाला !

लांकडाचा युरोपांतील मुख्य शत्रु म्हणजे कूज. ती खांबाच्या शेंड्यापेक्षां जमिनीच्या पृष्ठालगत अधिक लागते, कारण ओल, हवा व ऊब हीं तिन्ही तेथें एकत्र मिळतात. दहा वर्षांचा खांब वरून धडधाकट दिसतो आणि वादळांत नेमका पायाशीं मोडतो, त्याचें कारण हेंच. यावर जॉन बेथेल याची सन १८३८ ची युक्ति, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारें क्रिओसोट तेल दाबानें लांकडांत भरणें, ही इंग्लंडांत गुणकारी ठरली. बाल्टिक समुद्राकडील व नॉर्वेंतील सरळसोट वाढलेलें पाइनचें लांकूड जहाजानें आणावें, त्यास तेल पाजावें आणि रोवावें, असा क्रम पडला. सन १८७० मध्यें तेथील सर्व तारायंत्र टपालखात्याच्या ताब्यांत आल्यावरहि हा क्रम मोडला नाहीं. म्हणजे इंग्लंडनेंहि आपल्या रानांतलें लांकूड वापरलें असें नव्हे ; तेंहि परदेशाहूनच आणलें. पण आणलें लांकूडच. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढील विवेचनांत तिचा उपयोग आहे.

आतां बंगाल्याकडे वळूं. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील रसायनशास्त्राचा अध्यापक डॉ. विल्यम ओशॉनेसी यानें सन १८३९ मध्यें तेथील बोटॅनिकल बागेंत सुमारें २१ मैल लांबीच्या तारेवर प्रयोग केले. त्या वेळीं त्याचे खांब होते वेळूचे. पुढें अकरा वर्षांनीं, नोव्हेंबर १८५० मध्यें, त्यानें कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गाचें काम आरंभिलें, आणि १८५१ च्या अखेरपर्यंत तो मार्ग चालूं झाला. येथेंहि खांब वेळूचेच, पंधरा फूट उंचीचे, डांबर फांसलेले. त्यांस बळकटी यावी म्हणून मधून मधून साल, साग व आराकानांतील लोहकाष्ठ यांचे मोठे खांब उभे केले होते. हें आराकानी लोहकाष्ठ कानडी मुलुखांत ज्यास जांबे म्हणतात त्याच जातीचें होय.

पण या मार्गांत खांबापेक्षां तार अधिक चमत्कारिक होती. ओशॉनेसीनें युरोपांतल्यासारखी बारीक तार वापरलीच नाहीं. तीनअष्टमांश इंच जाडीची लोखंडी सळई त्यानें वेळूवरून वेळूवर नेली. तिचें वजन मैलास सुमारें एक टन भरे. अशी सळई वाऱ्यानें तुटत नाहीं, तिच्यावर घारी व माकडें बसलीं तरी बिघडत नाहीं, थोडी गंजली तरी तिची शक्ति राहते, आणि खालीं पडून तिच्यावरून बैल, म्हशी किंवा हत्ती गेले तरीहि काम चालतें, अशीं कारणें त्यानें आपल्या वृत्तांतांत दिलीं आहेत. या कारणांचा मथितार्थ आमच्या मतें असा कीं, खांब पडणारच हें त्यानें प्रारंभापासून गृहीत धरलें होतें. युरोपांत खांब भक्कम व तार नाजूक. बंगाल्यांत तार भक्कम व खांब दर दोन-चार वर्षांनीं बदलावयाचा. वेळू म्हणजे वनस्पतिशास्त्राप्रमाणें गवतच. लोखंडाचा सगळा पैसा तारेंत घालून खांबाचें काम गवतावर सोंपविणारी ही योजना हास्यास्पद वाटेल, परंतु ती त्या भूमीची व त्या वेळच्या तिजोरीची अचूक पारख होती. वेळू गांवोगांव मिळे, तो रोवावयास परका कारागीर लागत नसे, आणि मोडला तर दुसरा तोडून आणण्यास फार वेळ लागत नसे.

ही पारख मोठ्या मार्गांवर कशी उतरली तें पाहण्यासारखें आहे. नोव्हेंबर १८५३ मध्यें कलकत्त्याहून निघालेली तार मार्च १८५४ मध्यें आग्र्यास पोंचली. आठशें मैलांचें अंतर पांच महिन्यांच्या आंत ! हा वेग मिळेल तो खांब उभा करून पुढें सरकण्यानेंच साध्य झाला ; पक्के खांब मागाहून बसवावयाचे होते. तेथून तार ग्वाल्हेर व इंदूर या मार्गानें मुंबईस आली, आणि मुंबईहून पुणें, बल्लारी, बंगळूर असें करीत मद्रासेस गेली. १ फेब्रुवारी १८५५ पासून ती सर्व लोकांस खुली झाली. या मार्गांचे खांब एका नमुन्याचे नव्हते. वाटेंतला प्रत्येक प्रांत आपापला खांब देत होता. बंगाल्यांत वेळू व साल, दक्षिणेस ताड, आणि बल्लारी-बंगळूरकडे तर ग्रॅनिटचे उभे चिरे. त्या प्रांतांतील वडर लोक ग्रॅनिटास पाचरी मारून हव्या त्या लांबीची पट्टी काढतात, आणि शेताच्या कुंपणास दगडाचे खांब लावण्याची चाल तेथें पुरातन आहे. तीच चाल तारखात्यानें उचलली. दगडास वाळवी नाहीं, कूज नाहीं, गंज नाहीं. आमच्या देशावरच्या काळ्या पाषाणास मात्र अशी लांब पट्टी साधत नाहीं. म्हणून कृष्णेच्या अलीकडे दगडी खांबांची ही रीत फैलावली नसावी, असा आमचा तर्क आहे.

देशावरची खरी अडचण दगडाची नव्हे, मातीची. काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यांस सांगावयास नको. पावसाळ्यांत ती फुगते व लोण्यासारखी होते. उन्हाळ्यांत ती आक्रसून तिला अशा भेगा पडतात कीं, हात कोंपरापर्यंत आंत जावा. तींत रोवलेला खांब पहिल्या वर्षीं सैल होतो, दुसऱ्या वर्षीं कलतो, आणि तारेच्या ओढीनें तिसऱ्या वर्षीं आडवा होतो. म्हणजे येथें लांकूड कुजण्यापूर्वींच खांब पडावयाचा. यावर ओशॉनेसीनें इंग्लंडांतील मळसूत्री खुंटाची योजना उचलली. अलेक्झांडर मिचेल या आंधळ्या एंजिनीअरानें समुद्रांतील वाळूवर दीपगृहें उभारण्याकरितां हा खुंट काढला होता. टोंकास मोठें मळसूत्र असलेला लोखंडी खुंट जमिनींत पिळून बसवावयाचा व त्याच्या पोकळ माथ्यांत लांकडी खांब उभा करावयाचा. हिंदुस्थानांत लोखंड खांबाच्या रूपानें येण्यापूर्वीं खांबाच्या पायाच्या रूपानें आलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लांकूड कीं लोखंड, हा वाद प्रथम जमिनीच्या पृष्ठभागाखालीं सुटला. वरच्या अंगास तो सुटावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं.

इतक्यांत सन १८५७ उजाडलें. उठावाच्या प्रदेशांत तारेचे नऊशें मैलांहून अधिक मार्ग नष्ट झाले. लांकडी खांब सरपण झाले, जाड सळईचे तुकडे बंदुकींत गोळ्यांऐवजीं गेले, आणि मळसूत्री खुंटांच्या पोकळ नळांच्या लहान तोफा केल्या, अशी हकीकत त्या काळच्या वृत्तांतांत आहे. ज्यांच्याजवळ दारूगोळ्याची टंचाई होती त्यांनीं शत्रूच्या सामानाचा असा उपयोग केला, यांत नवल नाहीं. कांहींच्या मनांत येईल कीं, पुढें लोखंडी खांब आले ते याच धड्यामुळें. लोखंड जाळतां येत नाहीं. हा तर्क आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. तारेचा मार्ग बंद पाडण्यास खांब पाडण्याची गरजच नसते. तार तोडली कीं काम झालें. सन १८४२ मधील नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं सन १९४२ च्या चळवळींत सातारा जिल्ह्यांत व अन्यत्र तारा तोडण्याचा जो सपाटा चालला, त्यास खांब लांकडाचा कीं लोखंडाचा, याची अडचण पडली नाहीं. उलट वरील हकीकतीवरून असें दिसतें कीं, लोखंडी सामान बंडवाल्यांस लांकडापेक्षां अधिक उपयोगी पडलें !

तेव्हां राहिली वाळवी. हिच्या पक्षाचा पुरावा मात्र भरभक्कम आहे. युरोपांतील कूज सावकाश येते व दिसत येते. वाळवी गुप्तपणें येते. ती खांबाचा बाहेरचा पापुद्रा जसाचा तसा ठेवून आंतला भाग फस्त करते, व वर चढलेल्या माणसाच्या भारानें खांब खचला म्हणजे तिचें काम उघडकीस येतें. सागाचा व सालाचा गाभा तिला सहसा दाद देत नाहीं. पण गाभ्याभोंवतींचें पांढरें लांकूड ती खातेच. कोवळ्या झाडांत पांढरें लांकूड अधिक व गाभा थोडा. तारेचा खांब म्हटला म्हणजे वीस-पंचवीस फूट लांब, सरळ व बेताच्या जाडीचा हवा. असें झाड नेमकें कोवळें असतें. जून सागाचा गाभा चिरून खांब करावा, तर तो खांब राहत नाहीं, तें दागिन्याचें मोल होतें. मुंबईच्या गोदींत सागाचीं जहाजें बांधलीं जात, आणि त्या लांकडाकरितां मुंबई सरकारनें सन १८४७ मध्येंच डॉ. गिब्सन यांस अरण्यरक्षक नेमलें होतें. यावरून सागाची किंमत ध्यानांत यावी.

वाळवीचें हें कारण खरें कीं सबब, हें ठरविण्यास हिंदुस्थानाबाहेरचा एक दाखला फार उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियांत चार्ल्स टॉड याच्या देखरेखीखालीं सन १८७० ते १८७२ मध्यें ॲडलेडपासून उत्तरेस डार्विनपर्यंत खंडाच्या ऐन मध्यांतून तार नेली. मार्ग सुमारें दोन हजार मैलांचा, खांब सुमारें ३६,०००. म्हणजे मैलास अठरा-वीस पडले. ते सर्व वाटेंत मिळेल त्या झाडांचे तोडले होते. उत्तरेकडील उष्ण भागांत वाळवीनें ते थोड्याच वर्षांत खाल्ले, आणि तेथें लोखंडी खांब घालावे लागले. आतां दक्षिण ऑस्ट्रेलियाचें सरकार हें तेथील वसाहतवाल्यांचें स्वतःचें सरकार होतें. खांबाचा पैसा त्यांच्याच खिशांतून जात होता, आणि आपल्याच लांकडावर भागलें असतें तर ते इंग्लंडांत पैसा धाडते ना. तरीहि त्यांनीं लोखंड घेतलें. ज्या ठिकाणीं लंडनच्या कचेरीचा हुकूम चालत नव्हता तेथेंहि वाळवीच्या मुलुखांत उत्तर लोखंडच आलें, यावरून वाळवी ही नुसती सबब नव्हती, हें सिद्ध होतें. लंडन ते तेहरान या सीमेन्स कंपनीच्या मार्गाची साक्ष थोड्या निराळ्या प्रकारची आहे. सन १८७० मध्यें चालूं झालेल्या या मार्गावर इराणच्या उजाड प्रदेशांत लोखंडी खांब घातले, ते वाळवीमुळें नव्हे, तर तेथें झाडच नव्हतें म्हणून.

येथें एक तिसरें कारण पुढें येतें, तें अरण्यांच्या नाशाचें. लोहमार्गाच्या एका मैलास दीड-दोन हजार लांकडी स्लीपर लागत. सन १८५३ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत या स्लीपरांपायीं अरण्यें उघडीं पडूं लागलीं, सन १८६४ मध्यें ब्रँडिस याच्या हाताखालीं अरण्यखातें निघालें, व पुढच्याच वर्षीं पहिला अरण्यविषयक कायदा झाला. तेव्हां खांबांना लांकूड उरलेंच नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु हिशेब करून पाहावा. मैलास वीस खांब आणि मैलास दोन हजार स्लीपर. म्हणजे तारेचें मागणें लोहमार्गाच्या मागण्याच्या शंभराव्या हिश्शाएवढेंच. एवढ्यासाठीं अरण्य अपुरें पडलें, असें म्हणवत नाहीं. अडचण राशीची नव्हती, ठिकाणाची होती. देवदार हिमालयांत, साल तराईंत व मध्यप्रांताच्या पूर्वेस, साग पश्चिम घाटांत व ब्रह्मदेशांत. आणि तार जावयाची माळव्याच्या पठारावरून किंवा राजपुतान्याच्या वाळूंतून. वीस फुटी ओंडका बैलगाडीवर घालून शेंदोनशें मैल नेणें, यांत त्याची सगळी स्वस्ताई संपते.

लोखंडानें बाजी मारली ती येथें. त्याचा खांब एकसंध नसतो. हॅमिल्टन नांवाचा जो नमुना हिंदुस्थानच्या खात्यांत पुष्कळ वापरला गेला तो लोखंडी पत्र्याच्या निमुळत्या नळांचा. एकाचा शेंडा दुसऱ्याच्या बुडांत बसवीत न्यावयाचा. सीमेन्सच्या नमुन्यांत जमिनीखालीं रुंद पत्र्याची बैठक, तिच्यावर बिडाचा नळ व त्याच्यावर घडीव लोखंडाचा निमुळता नळ, अशी रचना. बीड ठिसूळ असतें, पण घडीव लोखंडाहून कमी गंजतें. म्हणून जेथें ओल तेथें बीड व जेथें वारा तेथें घडीव लोखंड. ही वांटणी करणारा मोठा शहाणा असला पाहिजे. असे तुकडे उंटावर, बैलावर, प्रसंगीं माणसांच्या खांद्यावर जातात, जागेवर जोडतां येतात, आणि मार्ग बदलला तर उपटून दुसरीकडे लावतां येतात. लोहमार्गाच्या कडेस तर एक तिसराच नमुना फुकटाफुकटी मिळाला : झिजलेले जुने रूळ. दोन रूळ पाठीस पाठ लावून किंवा एकटाच रूळ उभा पुरून त्यास आडवी पट्टी ठोकली कीं खांब तयार. आमच्या घाटांतून व कोंकणाच्या तोंडाशीं असे रुळांचे खांब प्रवाशांनीं पुष्कळ पाहिले असतील. ज्या काळांत स्लीपरांसाठीं लांकूड जात होतें, त्याच काळांत रुळांचे खांब होत होते, ही देवघेव मोठी गंमतीची आहे.

लोखंड निर्दोष होतें असें मात्र नाहीं. कोंकणांत खाऱ्या हवेनें तें गंजतें, आणि तेंहि लांकडाप्रमाणेंच जमिनीच्या पृष्ठालगत अधिक. पत्र्याचा नळ बाहेरून रंगवितां येतो. आंतून कोण रंगविणार? शिवाय खांब स्वतःच वीज वाहून नेणारा असल्यामुळें वाट्यांवर सगळी भिस्त. ओशॉनेसीची जाड सळई वाटीशिवायहि वेळूवर चालून गेली. लोखंडी खांब आले तेव्हां चांगल्या वाट्याहि आणाव्या लागल्या, व त्याहि परदेशाहूनच आल्या. एका परदेशी वस्तूनें दुसरीस घरांत आणलें, तें असें.

आतां दुसऱ्या उत्तराकडे, म्हणजे कारखानदारांच्या लाभाकडे येऊं. हिंदुस्थान सरकारचें सामान लंडनमधील कचेरीमार्फत विकत घेतलें जाई, आणि त्याचा पैसा येथील करांतून जाई. दादाभाईंनीं ज्या द्रव्यशोषणाविषयीं जन्मभर लिहिलें त्यांत ही बाबहि मोडते. प्रश्न असा कीं, खांबाचें लोखंड येथें करतां आलें असतें काय ? न्या. रानडे यांनीं सन १८९२ मध्यें पुण्याच्या औद्योगिक परिषदेपुढें लोखंडाच्या धंद्यावर जो निबंध वाचला, त्यांत पोर्टो नोव्हो येथील हीथचा उद्योग, कुमाऊंतील प्रयत्न व बाराकरचा कारखाना यांची हकीकत त्यांनीं मुद्दाम सांगितली आहे. सरकारच या देशांतील लोखंडाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक आहे, तेव्हां त्यानें येथील कारखान्यांस कायमची मागणी दिली तर धंदा उभा राहील, या विचाराचे ते होते. बाराकरचा कारखाना सन १८७५ च्या सुमारास निघाला, बुडाला, सरकारनें कांहीं वर्षें चालविला, आणि सन १८८९ मध्यें पुन्हां खाजगी कंपनीकडे गेला. तेथें बीड उत्तम होत असे. पोलाद मात्र या देशांत टाटांच्या कारखान्यांत सन १९१२ मध्यें निघूं लागलें, तेव्हांपासूनच खरें.

यावरून न्याय असा करावा लागतो. खांबाचा वरचा नळ १९१२ पूर्वीं येथें होणें कठीण होतें. तो बाहेरून आणला याबद्दल कोणास फारसा दोष देतां येत नाहीं. परंतु खालचें बिडाचें बूड, बैठकी, आडव्या पट्ट्यांचे जोड, हें सर्व सामान येथें ओतण्यासारखें होतें, व तेंहि दीर्घकाळ जहाजांतूनच येत राहिलें. खरेदी शक्यतों येथेंच करावी या हेतूनें हिंदुस्थानचें स्वतंत्र सामानखातें निघालें तें सन १९२२ मध्यें. तारखात्याचा जबलपूरचा कारखाना तर दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीनें निघाला. तेव्हां लांकूड कीं लोखंड, या प्रश्नाचा निकाल वाळवीनें दिला आणि तो बरोबर दिला. पण कोणाचें लोखंड, हा प्रश्न वाळवीस विचारलाच गेला नव्हता, तो लंडनमध्यें परस्पर सुटला. आमच्याकडील लेखकांनीं या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळें कधीं लोखंडी खांबच अन्यायाची खूण ठरतो, तर कधीं वाळवीचें नांव सांगून सगळी खरेदी निर्दोष ठरविली जाते. दोन्ही बाजू सोडाव्या.

आणखी एक प्रश्न शिल्लक राहतो, व आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हिंदुस्थानांत तुलना झाली ती साध्या लांकडाची व लोखंडाची. इंग्लंडांत जें लांकूड विजयी झालें तें साधें नव्हतें, तेल पाजलेलें होतें. हें तेल कोळशाच्या वायूच्या कारखान्यांतून निघे. असे कारखाने तेथें गांवोगांव, येथें हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेलहि जहाजांतून आणावयाचें, तर मग लोखंडच कां आणूं नये, असा हिशेब झाला असल्यास तो चुकीचा म्हणतां येत नाहीं. पण वाळवीस आवडणार नाहीं असें एखादें औषध येथल्या लांकडास येथेंच शोधावें, हा उद्योग पद्धतशीर सुरू होण्यास डेहराडून येथें सन १९०६ मध्यें अरण्यसंशोधनाची संस्था निघावी लागली. तोंवर लोखंडी खांबाची वहिवाट पन्नास वर्षांची झाली होती.

त्याच संस्थेंत सोंटी कामेशम् या आंध्र शास्त्रज्ञानें सन १९३३ मध्यें तांबें, सोमल व क्रोमियम यांच्या क्षारांचें एक मिश्रण सिद्ध केलें. तांब्यानें बुरशी मरते, सोमलानें वाळवी व किडे मरतात, आणि क्रोमियमच्या योगानें हीं दोन्ही द्रव्यें लांकडाच्या तंतूंस अशीं चिकटून राहतात कीं, पावसानें धुवून जात नाहींत. हा तिसरा घटकच त्या शोधाचा प्राण होय. कारण तांब्याचा क्षार फ्रान्समध्यें बूशेरीनें शंभर वर्षांपूर्वींच खांबांस पाजून पाहिला होता, पण तो ओलीनें झिरपून जाई. कामेशम् यांच्या मिश्रणास सोमल व तांबें यांच्या शास्त्रीय संज्ञांवरून ‘ॲस्क्यू’ असें नांव पडलें. अमेरिकेंत त्याचें पेटंट सन १९३८ मध्यें मिळालें, व तेथील बेल टेलिफोन कंपनीनें तें आपल्या खांबांकरितां स्वीकारलें. पुढें जगभर लांकूड टिकविण्याच्या द्रव्यांत त्यानें पहिल्या पंक्तीचें स्थान मिळविलें. सोमलाच्या विषारीपणामुळें सन २००३ च्या अखेरीपासून घरगुती लांकडास त्याचा वापर अमेरिकेंत बंद झाला. खांबांस मात्र तो चालूं राहिला.

हिंदुस्थानांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें संपली. लोहमार्गाच्या कडेचे संदेश आतां जमिनीखालील केबलींतून जातात, आणि रुळांचे जुने खांब कोठें उपटले गेले, कोठें तारेवांचून तसेच उभे आहेत. डेहराडूनचें औषध पाजलेले लांकडी खांब पाहावयाचे असल्यास अमेरिकेंत कोणत्याहि खेड्याच्या रस्त्यावर ते सांपडतील.